लवकरच्या गाडीचा डबा

३ ऑगस्ट २०२५, रविवार
बाडमेरच्या पुढं, लाईनचा कॅम्प

श्रावस्तीस,

दादाचा लांबून जयभीम. फोन लावला की माझा आवाज ऐकून तू ठेवतीस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवायलोय. मोबाईलवर मराठी टाईप करायला जमत न्हाय, बोटं जाड झालीत. इथं रेंज फक्त रविवारी, पाण्याच्या ट्रॅक्टरवर बसून गावात गेलं की. वाचायचं नसलं तर नको वाचू, पण पुसू नको.

आईनं सांगितलं, तुला बी.एस्सी.ला धाराशिवला नंबर लागला, माझ्याच कॉलेजात. चार दिवस गेलीस आन पाचव्या दिवशी खोलीवर पडून राहिलीस, तेबी सांगितलं. "पोरगी बोलंना, जेवंना. तू थोरला हाईस, कॉलेज बघितलेला हाईस, तूच काय तर सांग," म्हणाली. मी बघितलेला म्हणजे कितीसा, असू दे. सांगतो.

माझं हे सातवं का आठवं काम. हैदराबादला बेकरीत होतो, गोव्याला बोटीवर, सुरतला कपड्याच्या गोदामात. एका जागी पाय ठरत न्हाईत. आता विजेच्या मोठ्या तारा जातात ते टॉवर उभे करायचं काम. पहिल्या दिवशी वाटलं, लगेच वर चढवतील. मुकादमानं आठ दिवस खालीच बसवलं, बोल्टाच्या ढिगासमोर. कुठला सोळाचा, कुठला वीसचा, एवढंच निवडायचं. वरची पोरं हसायची. हणमंतप्पा म्हणून आळंदकडचा एकजण हाय, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलतो. तो म्हणला, आधी हात शिकू दे, डोकं मागनं येतंय. आठ दिवसांनी डोळे झाकून बोल्ट हाताला कळायला लागले. तसं तू कर. पहिल्या महिन्यात सगळं समजलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय? सर जे इंग्रजी शब्द बोलतात ते ऐकू येतील तसे मराठीत वहीत लिहीत जा. ढीग लाव नुसता. अर्थ मागनं लागतो.

शेवटच्या बाकावर बसू नको. तिथं बसलेल्याला वाटतं आपण लपलोय. सरांची नजर पहिली तिथंच जाते. भिंतीकडचा दुसरा बाक धर. आन वर्गात तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेली एक तरी पोरगी असणारच. तिला हुडक आन लायब्ररी कुठं हाय म्हणून विचार. तुला ठावं असलं तरी विचार.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, जिना चढलं की उजव्या हाताला. तिथं वास येतो, त्याला भिऊ नको.

वसतिगृहाची यादी अजून लागली न्हाय म्हणून आईनं डबा चालू केलाय म्हणं. मला यायचा तसाच, एसटीनं. तिनं जळकोटच्या फाट्यावर कंडक्टरच्या हातात द्यायचा, धाराशिवच्या स्टँडवर तू घ्यायचा, रिकामा परत गाडीत. कुठल्या गाडीनं येतो? कंडक्टर कोण हाय? तेवढं कळव.

दादा


१७ ऑगस्ट २०२५, रविवार

श्रावस्ती,

उत्तर आलं. दोनच ओळी, पण आलं. गावातल्या चहाच्या टपरीवर उभं राहून वाचल्या. हणमंतप्पा म्हणला, "काय रे, लगीन ठरलं काय, तोंड असं का केलास?" मी म्हणलो, बहिणीनं शिव्या घातल्यात.

तू लिहिलंस, "मला सल्ला द्यायचा तुला काय अधिकार. आबा तुझ्या परीक्षेपायी गेले, आणि तू ती परीक्षाच सोडून पळालास."

ह्याच्यावर मी काय बोलत न्हाय. तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. लोकांनी सांगितलं तेच तुला ठावं. आबा रोज आठच्या गाडीत डबा द्यायचे. त्या दिवशी माझी परीक्षा होती म्हणून सहाच्या गाडीत द्यायला गेले. रस्ता चौपदरी व्हायलेला, निम्मा उखडलेला. धुई होती, समोरचं दिसत नव्हतं. मुरुमाचा हायवा डंपर मागं सरला आन आबा त्याच्याखाली सापडले. आई दरसाल अकरा डिसेंबरला विहारात शाळेच्या लेकरांला वह्या वाटती आन हेच सांगती, की ह्यांनी लेकराच्या शिक्षणासाठी जीव दिला. मागच्या साली कुणीतरी व्हिडिओ काढून मला पाठवला. आई माईक धरून उभी होती. मी निम्माच बघितला.

गौरीशंकर मामाच आठच्या गाडीवर कंडक्टर हाईत अजून? रिटायर झाले असतील वाटलं होतं. डबा देताना ते तुला काय बोलतात का? माझं काय विचारतात का? काय बोलले तर मला आधी सांग. तसं काय विशेष न्हाय. आपलं विचारलं.

आईला म्हणावं, रस्ता ओलांडू नको. गाडी पलीकडं थांबत असली तर कुणा पोराच्या हातात डबा दे.

तू वर्गात जायलीस का न्हाय, तेच लिहिली न्हाईस. जा. सरांनी उभं केलं आन येत न्हाय म्हणावं लागलं, तर मोठ्यानं म्हण. "सर, येत न्हाय." हळू म्हणलं की परत विचारतात, आन परत विचारलं की मागची हसतात.

दादा


७ सप्टेंबर २०२५, रविवार

श्रावस्ती,

अख्खं पान लिहिलंस की. ईट गावची दीपमाला भेटली, हे लई चांगलं झालं. तीबी रोज सकाळी रडून येती, हे वाचून मला बरं वाटलं. वाईट वाटायला पाहिजे, पण बरंच वाटलं. दोघी मिळून एक वही करा. तिला गणित येतं, तुला चित्र काढता येतंय, झालं की.

आता तुझ्या दुसऱ्या गोष्टीचं. तू लिहिलंस, दादा, तू सांगितलेली प्रयोगशाळा सिनियरची हाय. तू अकरावीला होतास, आन अकरावीची पहिल्यापासून मागच्या इमारतीत, खाली. तिथला शिपाई वीस वर्षं तेच म्हणतो. मग तू कुठल्या प्रयोगशाळेत जात होतास?

कुठल्याच न्हाय. जिन्यावर एकदा वास आला, म्हणून मला वाटलं तीच.

मी एकोणीस दिवस गेलो कॉलेजात. मोजलेले हाईत. दहावीला एकाहत्तर टक्के पडले म्हणून सायन्स घे म्हणले सगळे. आबांनी पेढे वाटले. पहिल्या आठवड्यात फिजिक्सच्या सरांनी उभं केलं आन इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला वाटलं नाव विचारायलेत. मी म्हणलो, प्रसेनजित आबाराव. सगळा वर्ग हसला, सरबी हसले. सर वाईट नव्हते, हसू आलं त्यांना. त्या दिवसापासनं मी शेवटच्या बाकावर बसायला लागलो. मग दाराजवळच्या. मग दाराबाहेर. एकोणिसाव्या दिवशी फाटकापर्यंत गेलो आन वळून स्टँडवर येऊन बसलो.

दोन-तीन दिवसांनी परत जाऊ म्हणलं होतं. पण चार दिवस न जाणाऱ्याला पाचव्या दिवशी आत जाणं लई अवघड असतंय. वर्ग पुढं गेलेला असतो, आन आपण कुठं होतो हे सांगावं लागतं. म्हणून तुला सारखं म्हणतोय, खोलीवर पडून राहू नको. तापात जा, रडत जा, काय समजलं न्हाय तरी जा. ह्यातलं मला एवढंच खरं ठावं हाय.

आई डिव्हायडरवरनं उतरताना पडली, हे तुझ्याच पत्रातनं कळलं. मला फोनवर म्हणाली, न्हाणीत घसरले. गुडघा सुजला असला तर दवाखान्यात ने. दुसऱ्या दिवशी परत डबा घेऊन गेली म्हणतीस. ऐकणारी बाई न्हाय ती. यादी कधी लागती बघ.

दादा


२१ सप्टेंबर २०२५, रविवार

श्रावस्ती,

हे पत्र तीन वेळा फाडलं. हा चौथा कागद.

तू लिहिलंस, "दसऱ्याला घरी जाते ती परत येत नाही. आईला पाय ओढत त्या रस्त्यावर जाताना मी बघितलंय. आपल्या घरातलं एक माणूस शिक्षणापायी गेलं. दुसरं मला नको." आन खाली लिहिलंस, "एकोणीसच दिवस गेलास, तर डिसेंबरात परीक्षा कसली होती?"

परीक्षा नव्हती.

आता सगळं सांगतो. मधी थांबलो तर परत लिहिणार न्हाय.

कॉलेज सोडल्यावर मी घरी सांगितलं न्हाय. आबांनी गावभर सांगितलं होतं. खोलीवरच राहायचो, आन आडत बाजारात पोती उचलायला जायला लागलो. ऑगस्टपासनं डिसेंबरपर्यंत. आन रोज दहा वाजता स्टँडवर जाऊन डबा घ्यायचो. आबा रोज सकाळी फाट्यावर येऊन गौरीशंकर मामाच्या हातात द्यायचे. "पोराला वेळेवर मिळू द्या, त्याचं प्रॅक्टिकल हाय," म्हणायचे. प्रॅक्टिकल हा शब्द मीच त्यांला शिकवला होता. मामाला सगळं दिसायचं. माझ्या अंगावर पोत्याची धूळ, पाठीला दप्तर न्हाय. एकदा विचारलं, "कॉलेजला सुट्टी हाय का रं?" मी म्हणलो, व्हय. मग परत कधी विचारलं न्हाय. डबा द्यायचे, रिकामा घ्यायचे.

दहा डिसेंबरला आडत्यानं सांगितलं, उद्या सोयाबीनचा ट्रक बार्शीला जायचाय, नऊला निघायचं, तू बरोबर चल. दहाचा डबा मला सापडणार नव्हता. बाहेर खाता आलं असतं. पण त्याच दिवशी सकाळी आईनं फोनवर सांगितलं होतं, उद्या शेंगदाण्याच्या पोळ्या करते. मला त्या पोळ्या पाहिजे होत्या. म्हणून संध्याकाळी आबांला फोन केला. म्हणलो, उद्या परीक्षा हाय, लवकर जायचंय, डबा सहाच्या गाडीत द्या. आबा म्हणले, सहाची लांब पल्ल्याची हाय, फाट्यावर थांबत न्हाय. मी म्हणलो, हात करा की, उपाशी पेपर लिहू का?

हे मी बोललो. मोठ्यानं बोललो, चिडून.

तर आबा हात करायला रस्त्याच्या मधी गेले. शिक्षणापायी न्हाय. पोळ्या मला ट्रकात बसून खायच्या होत्या, त्यापायी.

सकाळी आठला मी स्टँडवर. सहाची गाडी आली, डबा आला न्हाय. मी मनातल्या मनात आबांला शिव्या दिल्या. एवढं सांगून एक काम होत न्हाय ह्यांच्यानं, असं. आन ट्रकात बसून बार्शीला गेलो. दहाला मामा गाडी घेऊन आले, फाट्यावर झालेलं सांगायला मला हुडकत आडतीत गेले, तिथनं आडत्याचा फोन ट्रकवाल्याला. मी परत येईपर्यंत दुपार ढळली. मामा ड्युटी सोडून माझ्यासाठी थांबले होते. जळकोटपर्यंत शेजारी बसून आले. नळदुर्ग गेल्यावर एकदाच तोंड उघडलं. म्हणले, "आता घरी जाऊन जे बोलशील, ते जन्मभर बोलत राहावं लागंल. बघ."

मी बोललोच न्हाय. आपल्या दारात पाय ठेवला तर लोकच म्हणायला लागले, पेपर अर्धा टाकून कसं येणार लेकरू, म्हणून उशीर झाला. आईनं मला मिठी मारली आन विचारलं, पेपर लिहिलास ना रे? मी मान हलवली. तेवढंच. त्या मान हलवण्यावर सात वर्षं काढली. सातव्या दिवसाचा विधी झाला आन मी हैदराबादची गाडी धरली. तुला वाटतं मी परीक्षा सोडून पळालो. मी आईच्या तोंडाकडं बघवंना म्हणून पळालो.

आता तुला काय वाटायचं ते वाटू दे. पण तू जे गणित मांडलंस ते चुकीचं हाय. शिक्षणानं आपल्या घरातलं कुणी मेलं न्हाय. मी कॉलेजात गेलो असतो, "सर, येत न्हाय" एवढं म्हणून खाली बसलो असतो, तर आबा आठचीच गाडी बघत बसले असते. तू घरी परत गेलीस तर माझ्या खोट्यापायी दुसरं माणूस बुडंल.

डबा मात्र बंद कर. आजच. खोलीवर भात टाकायला शिक. दीपमालाला येत असंल.

आईला सांगायचं का न्हाय, ते तू ठरव. माझ्यात दम न्हाय.

प्रसेनजित


५ ऑक्टोबर २०२५, रविवार

श्रावस्ती,

तू वाचलंस, निळ्या खुणा दिसतात. उत्तर न्हाय. दसरा होऊन तीन दिवस झाले. तू जळकोटात हाईस का धाराशिवला, मला ठावं न्हाय. आई फोन उचलंना. शेजारच्या शिवम्मा काकूला लावला तर म्हणाल्या, तुझी आई घरात हाय, पण बोलायची न्हाय म्हणती. तुझं विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या घरातलं तुम्हीच बघा.

मी परवा वर चढलो आन बेल्ट अडकवायचाच विसरलो. हणमंतप्पानं खालनं दगड मारला पायावर, तेव्हा कळलं. खाली उतरल्यावर त्यानं कानाखाली एक ठेवून दिली. दोन दिवस मला खालीच बसवलंय. परत बोल्ट निवडायलोय.

कॉलेजात हाईस का, एवढंच लिही. बाकी काय नको.

प्रसेनजित


३० नोव्हेंबर २०२५, रविवार

श्रावस्ती,

सल्ला देऊ नको म्हणालीस, देत न्हाय. पत्र लिहू नको म्हणालीस, तर हे शेवटचं.

तू माझं पत्र दसऱ्याच्या दिवशी आईला वाचून दाखवलंस आन दुसऱ्या दिवशी एकटीच धाराशिवच्या गाडीत बसलीस, हे तुझ्या तीन ओळींतनं कळलं. त्यानंतर एक दिवसबी खाडा केला न्हाईस. वसतिगृहाची यादी लागली, तुला खाट मिळाली, मेस चालू झाली. आई आता रस्त्यावर जात न्हाय. मला ह्याच्यापेक्षा जास्त काय नको होतं. तू लिहिलंस, "तुझ्यामुळं नाही आले परत. आबांनी पेढे वाटले होते, ते खरे होते, म्हणून आले." ती ओळ मी परत परत वाचली.

मागच्या रविवारी आईचा फोन आला. सात वर्षांत तिनं स्वतःहून केलेला पहिला. मी टपरीच्या मागं गेलो. तिनं शिव्या दिल्या न्हाईत, रडलीबी न्हाय. म्हणाली, "सात वर्सं मी लेकरांला माईकवरनं खोटं सांगितलं. आता ह्या डिसेंबरला काय सांगू?"

मी म्हणलो, नको वाटू ह्या साली वह्या.

"वह्या वाटायच्या," म्हणाली. "लेकरं वाट बघत्यात. पण ह्या साली तू वाटायच्या. आन तुझा बाप कशानं गेला, ते तुझ्या तोंडानं सांगायचं. मग मी ठरवीन तुला घरात घ्यायचं का न्हाय."

मी म्हणलो, आई, सगळ्या गावासमोर? ती म्हणाली, "गावानंच ऐकलंय ना आजवर?" आन ठेवला.

मुकादमानं सुट्टी दिलीय. जोधपूरहून गाडी हाय, पुण्यात बदलायची, सोलापूरहून एसटी. हणमंतप्पा म्हणतो, तू सोलापूरला उतरणार आन तिथनं विजापूरच्या गाडीत बसणार, मी तुला वळखत न्हाय काय. मलाबी तेच वाटतंय. सोलापूर स्टँडवर कुठली गाडी कुठं लागते, ते सगळं मला तोंडपाठ हाय.

विहारात उभं राहून काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. सहा ओळी होतात. मोठ्यानं म्हणून बघितल्या, टॉवरवर चढून, खाली कुणाला ऐकू येऊ नये म्हणून. चौथ्या ओळीला आवाज बसतो. पोळ्यांची ओळ हाय ती.

अकराला तुझा पहिल्या सेमिस्टरचा पेपर हाय, हे दीपमालाच्या स्टेटसवरनं कळलं. तू येऊ नको. तू पेपर लिही. मी जळकोटला उतरलो का न्हाय, ते संध्याकाळी आई सांगंल.

प्रसेनजित